मावळची माती आणि राबाचा पाला

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतारावर झाडे व गवत असले म्हणजे थेंबांचा मारा सौम्य होतो. कुजलेला पाला मातीचे कण सांधून तिला रवाळ घडण देतो आणि पाणी मुरते. भातरोपांसाठी फांद्या तोडून राब भाजण्याची मावळात परंपरा आहे. त्याने तण मरते, राख मिळते. परंतु पाल्यातील सेंद्रिय कर्ब व नत्र धुरावाटे जातात आणि डोंगर उघडा पडतो. चारसूत्री भातशेतीत यास पर्याय आहे. रोपवाटिकेत तुसाची राख मिसळावी आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीपूर्वी शेतात गाडावा. ग्रामपंचायतींनी व शाळांनी बांधोबांधी गिरिपुष्प लावण्यास पुढाकार घेतल्यास झाडे डोंगरावर राहतील आणि मातीही जागीच टिकेल.