लिहून उभारलेले संगणक

नागपुरांत गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्यें बसलेला अभियंता मुंबईंतले संगणक उभे करतो, तेव्हां त्याचा हात यंत्राला लागत नाहीं. ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईंत क्लाऊडचें केंद्र उघडलें. तेथील यंत्रें भाड्यानें मिळतात. पूर्वीं पडद्यावरचीं बटणें दाबून तीं मांडीत, आणि कोणतें बटण केव्हां दाबलें हें दाबणाऱ्याच्याच स्मरणांत राही. तो रजेवर गेला कीं पंचाईत!

२०१४ सालीं निघालेल्या टेराफॉर्ममध्यें मांडणी लिहून द्यावयाची : यंत्रें किती, दारें कोणतीं उघडीं. आज्ञावली तो मजकूर आपल्या नोंदवहीशीं व प्रत्यक्षाशीं ताडून पाहते, काय वाढेल, बदलेल, मोडेल तें दाखविते आणि संमतीसाठीं थांबते.

खरी जोखीम या थांबण्यांत आहे. किरकोळ दिसणारा एखादा बदल जुना डेटाबेस मोडून नवा, रिकामा बांधावयास सांगतो. तें वाक्य न वाचतां होकार दिला आणि प्रत ठेवलेली नसली, तर वर्षांचे हिशेब जातात. मध्यरात्रीं घाईनें, हातानें उघडलेलें दार मजकुरांत नोंदलें नाहीं, तर पुढच्या खेपेस आज्ञावली तें इमानानें बंद करते. नोंदवहींत परवलीचे शब्दही उघडे राहूं शकतात. म्हणून ती कुलुपांत ठेवतात, व एका वेळीं एकालाच तींत लिहूं देतात.