फिरस्त्यांचा रविवार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही तरुण आज एका ठिकाणी बिऱ्हाड न थाटता, लॅपटॉप जवळ बाळगून, गावोगाव राहत नोकरी करितात. त्यांचे आम्हांस कौतुक आहे. परंतु काळजीही वाटते. गोव्यात राहून न्यूयॉर्कच्या कचेरीचे काम करणाऱ्याचा सकाळी नवाचा ठोका आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळी साडेसहाला व हिवाळ्यात साडेसातला पडतो. रात्र कामात आणि दिवस समुद्रकाठी गेला, तर निद्रेस वेळ कोणता उरणार?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्यांस गिरणीचा भोंगा तरी होता. या फिरस्त्यांस तोही नाही. पोर्तुगालने २०२२ पासून कामाच्या वेळेबाहेर नोकरास न छेडण्याचे बंधन मालकांवर घातले. परंतु जो स्वतःच स्वतःस सुट्टी देत नाही, त्यास कायदा काय करणार?

म्हणून आमचे सांगणे इतकेच : प्रवासाचा दिवस विश्रांतीत मोजू नये, तोही श्रमच होय. कामाची व झोपेची वेळ ठरवून घरी कळवावी. घरच्यांनीही 'दिवसा मोकळाच असतो' असे समजून त्याची झोप मोडू नये. आठवड्यातून एक दिवस यंत्र मिटून ठेवावे. पूर्वजांनी झगडून मिळविलेला रविवार आपण आपल्या हातांनी दवडू नये, हीच विनंती.