हवेने उचललेली बोट



आपल्या भोकरदनला समुद्र नाही. उन्हाळ्यात केळणेत कागदाची नावही चालत नाही. मग मास्तर बोटीची गोष्ट का सांगतात? हेच गाव एके काळी भोगवर्धन होते. येथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेईत सापडली. इकडचा माल जहाजांनी तिकडे जात होता.

बोट बांधताना अवजड भाग उचलावे लागतात. जॅक लावला तर सारा भार वीतभर जागेवर येतो आणि पातळ पत्रा चेपतो. म्हणून टायरसारखी आत दोऱ्यांची वीण असलेली रबरी पिशवी सपाट करून खाली सरकवतात आणि तीत हवा भरतात. चीनमध्ये १९८१ साली अशाच पिशव्यांवरून जहाज पाण्यात लोटले.

आता गणित पाहा. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब असतो. पिशवीत त्याच्या निम्माच भरा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा टेकली, तर १०,००० चौरस सेंटिमीटर झाले; म्हणजे १० टन उचलले! मी बी. ए. चा माणूस, पण हा हिशेब मलाही सुटला.

मेख पुढेच आहे. पिशवी फुगून गोल झाली की टेकलेली जागा घटते, ताकदही घटते, आणि वरचे ओझे घरंगळू लागते. म्हणून थोडे उचलायचे, लगेच लाकडी ठोकळे रचायचे, मग पुन्हा हवा भरायची. ओझ्याखाली हात घालायचा नाही.

हे न शिकताच माझ्या एका विद्यार्थ्याने शाळा सोडली. 'पंक्चर काढायला गणित कशाला?' असे घरचे म्हणाले. एकदा जुन्या ट्यूबवर ट्रॉली उचलताना ठोकळा लावला नव्हता, ट्यूब सटकली. त्याची दोन बोटे गेली. पालकहो, त्या दिवसापासून मला गप्प बसवत नाही.

गेल्या महिन्यात तो वर्गात आला. फळीखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून, नळीने फुंकून त्याने पाचवीतला मुलगा उचलून दाखवला. ठोकळे मात्र त्याने आधी मागून घेतले. आता तो रात्री माझ्याकडे दहावीचे गणित सोडवतो.