पायाखालची आग आणि आपली वही



बचत गटाच्या बैठकीत आपण कर्जाचे हप्ते, मसाल्याचा हिशेब, मुलींच्या शाळा यांवर बोलतो. आज आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल बोलू. चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, वणी हा सगळा वर्धा खोऱ्यातला कोळशाचा पट्टा. काही खाणी चालू आहेत, काही बंद पडल्या आहेत. पण खाण बंद झाली म्हणजे तिचं सगळं संपलं, असं नसतं. आत उरलेला कोळसा आपोआप पेटू शकतो.

बैठकीत हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "ताई, जमिनीखाली काडी कोण लावायला जातं?" कोळशाला काडी लागत नाही. ओल्या कडब्याची गंजी रचली की ती आतून तापते, हात घातला तर चटका बसतो, हे आपण पाहिलेलं आहे. कारण वेगळं असलं तरी कोळशाचंही तसंच होतं. हवेतला प्राणवायू लागला की तो हळूहळू तापतो. ती उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर वाढत जाते आणि एक दिवस कोळसा धुमसू लागतो. जमीन खचून भेगा पडल्या की त्यांतून आणखी हवा आत जाते. आग वाढली की जमीन आणखी पोकळ होते आणि नव्या भेगा पडतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे झारखंडमधल्या धनबाद जिल्ह्यातलं झरिया. तिथे पोलाद कारखान्यांना लागणारा उत्तम कोळसा निघतो. पहिल्या आगीची नोंद १९१६ सालची, भौरा खाणीतली. तेव्हा खाणी खाजगी मालकांच्या होत्या. कोळसा काढून झाला की पोकळी वाळूने भरायची, याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७२ साली खाणी सरकारकडे आल्या, तोवर आगी पसरल्या होत्या. शंभर वर्षं उलटून गेली, तरी तिथली आग पूर्ण विझलेली नाही. २०१७ च्या मे महिन्यात झरियाच्या इंदिरा चौकाजवळ अचानक जमीन फाटली आणि बाप-लेक आत गेले. त्याच वर्षी आगीच्या धोक्यामुळे धनबाद-चंद्रपुरा रेल्वेमार्ग बंद करावा लागला. तो २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला.

मग अशा आगीवर लक्ष कसं ठेवतात? जमिनीत बोअर मारून आतलं तापमान मोजतात. आतल्या हवेचे नमुने घेऊन त्यात कार्बन मोनॉक्साइड किती वाढला आणि प्राणवायू किती घटला, ते तपासतात. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तापलेली जमीन शोधतात. आग कळली की तिला हवा मिळू नये म्हणून भेगा मातीने बुजवतात, पोकळीत वाळू किंवा वीज केंद्रातली राख भरतात, नायट्रोजन वायू सोडतात. कधी मध्ये खोल खंदक खोदून आग पुढे जाण्याची वाट तोडतात, तर कधी जळता कोळसाच खणून काढतात. झरियात असं करून आगीचं क्षेत्र सुमारे नऊ चौरस किलोमीटरवरून दोनच्या आत आणल्याचं सरकारी सर्वेक्षण सांगतं. म्हणजे उपाय आहेत. पण आग लवकर कळली तर ते स्वस्त पडतात आणि माणसं वाचतात.

"पाणी ओतलं तर नाही का विझणार?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही. लालबुंद कोळशावर थोडं पाणी पडलं तर त्यातून पेट घेणारे वायू तयार होतात आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून भेगेत बादली ओतायला कुणीही जाऊ नये. लेकरांना तर तिकडे फिरकूही देऊ नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं दगावतात, ती याच वायूमुळे. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, गरगरलं, मळमळलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त समजून सोडून देऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा.

आता आपलं काम. आग मोजायची यंत्रं आपल्याकडे नाहीत आणि ती विझवणं आपल्या हातातलं नाही. पण साहेबांची गाडी महिन्यातून एकदा येते आणि आपण त्या जमिनीवरून रोज चालतो. सरपणाला, शेतात, शेळ्या चारायला आपणच जातो. जमीन आधी खुणा देते. हिवाळ्यात पहाटे सगळीकडे दव पडलेलं असतं आणि एकच तुकडा कोरडा असतो. पावसानंतर एकाच जागेतून वाफ निघत राहते. एकाच ठिकाणचं गवत करपतं. डांबरासारखा किंवा गंधकासारखा वास येतो. विहिरीचं पाणी कोमट होतं. दाराची चौकट अचानक अडकू लागते, भिंतीला तडा जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळीच जमीन तापते, म्हणून जमिनीचा अंदाज पहाटेच घ्यावा, तोही लांबून.

हे सगळं आपण एकमेकींना सांगतो, पण लिहून ठेवत नाही. तोंडी सांगितलेलं कार्यालयात टिकत नाही. गटाचा हिशेब लिहायला आपल्याला येतो ना? तशीच ही दुसरी वही घाला. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कुणाला कळवलं, काय उत्तर मिळालं, असे सहा रकाने पुरेत. घराच्या भिंतीला तडा गेला असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा. तडा पुढे सरकला की लगेच कळेल. दोन-तीन नोंदी झाल्या की खाण व्यवस्थापक, ग्रामपंचायत आणि तहसीलदार यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपुरातही आहे, तिथे प्रत पाठवा. अर्जात एक मागणी जरूर घाला : तापमानाचे आणि वायूचे मोजलेले आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आपल्या घराखालचा आकडा आपल्याला कळायला हवा. जमीन हादरली किंवा खचू लागली, तर मात्र वही बाजूला ठेवा, माणसं बाहेर काढा आणि ११२ वर फोन करा.

हे लांबचं वाटत असेल तर घुग्घुस आठवा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरचं एक अख्खं घर जमिनीत गेलं. हादरा जाणवताच माणसं बाहेर पडली, म्हणून जीव वाचले.

शेवटचा मुद्दा घर सोडण्याचा. झरियाच्या लोकांसाठी बेलगढियाला वसाहत बांधली, पण तिथे काम नाही म्हणून कित्येक कुटुंबं जायला तयार होईनात. धुरात राहू पण उपाशी मरणार नाही, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा कसा म्हणावा? जून २०२५ मध्ये केंद्राने झरियाचा सुधारित आराखडा मंजूर केला. त्यात कुटुंबाला रोजगारासाठी एक लाखाचं अनुदान आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे, तीही जमिनीचा कागद नसलेल्यांनासुद्धा. आपल्याकडे कधी पुनर्वसनाची वेळ आली, तर घरासोबत कामाचं आणि बाजाराचं आधी विचारा. घराच्या कागदावर बाईचंही नाव मागा.

येत्या बैठकीला एक कोरी वही घेऊन या. पहिल्या पानावर गावाचा कच्चा नकाशा काढू : कुठे जुनी खाण, कुठे भेग, कुठे शाळा, कुठे विहीर. म्हाताऱ्या बायांना सोबत आणा. जुन्या खाणीचं तोंड कुठे होतं, ते त्यांनाच ठाऊक आहे.