घरची चटणी, घरचा धंदा आणि पुडीवरचे नाव
(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला विषय देण्यात आला आहे ‘घरगुती उद्योग’. शिवणकामापासून मेणबत्त्यांपर्यंत त्यात सारेच येते. मी आज फक्त लाल चटणी आणि मसाला यांच्याविषयी बोलणार आहे. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या वसाहतींत उन्हाळा आला की गच्चीवर मिरच्या वाळू लागतात. ब्याडगी रंगासाठी, लवंगी तिखटपणासाठी. प्रत्येक चाळीत एक तरी ताई अशी असते की जिच्या हातची चटणी शेजारी मागून नेतात. मग कोणी म्हणते, “ताई, पुढच्या खेपेला आमचाही दोन किलो करा, पैसे देऊ.” धंदा येथे सुरू होतो आणि पुष्कळदा दोन उन्हाळ्यांत संपतो. तो चवीपायी संपत नाही, हिशेबापायी संपतो.

मी कला शाखेची पदवीधर. जमाखर्च शिकले ते बँकेत लागल्यावर. त्यामुळे विद्यार्थ्यांनी घाबरू नये, हे गणित सोपे आहे. समजा, पाच किलो मसाल्याला मिरची, खडा मसाला, तेल आणि कांडप मिळून २,५०० रुपये लागले. पाव किलोच्या वीस पुड्या झाल्या. एक पुडी पडली १२५ रुपयांना. ताई ती १५० ला विकते आणि ५०० रुपये नफा झाला म्हणून खूष होते. पण मिरच्यांचे डेठ कोणी काढले? वाळवले, भाजले, चाळले कोणी? दोघी जणी दोन-दोन दिवस राबल्या. चारशे रुपये रोज धरला तरी १,६०० झाले. पिशव्या, लेबल, रिक्षा यांचे ३०० धरा. एकूण ४,४०० रुपये, म्हणजे पुडीमागे २२०. १५० ला विकणारी ताई प्रत्येक पुडीमागे आपल्या श्रमातले ७० रुपये गिऱ्हाइकाला फुकट देत असते. घरात कोणी तिला हे सांगत नाही, कारण बाईचे श्रम घरात कोणी मोजतच नाही.

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्या कथेतले ८० रुपये सर्वांना आठवतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. तेथे पापड लाटणाऱ्या भगिनीला तिच्या कामाप्रमाणे लाटणावळ मिळते आणि ती संस्थेची मालकीणही असते. श्रमाची किंमत आधी, नफा मागून. आपल्या घरातल्या धंद्यात सासू, सून, मुलगी राबतात, तेथेही वहीत हे लिहिले गेले पाहिजे.

मालाविषयी थोडेसे. कोरडा मसाला टिकतो, ओला ठेचा टिकत नाही. आपल्याकडची हवा दमट, म्हणून पावसाळ्यापूर्वीच काम उरकावे. ओलसर मिरचीवर बुरशी धरते, आणि ती बुरशी भाजून, कुटून लपते पण तिचे विष जात नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाटलीत भरून बाहेर ठेवणे तर धोक्याचे आहे. हवा न लागणाऱ्या, आंबटपणा नसलेल्या अशा मालात जीवघेणे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळतीलच असे नाही. ओली चटणी विकायचीच असेल तर व्हिनेगरचे प्रमाण अंदाजाने न ठरवता प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. आणि अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. लहान धंद्यालाही ती लागते. तो चौदा आकडी क्रमांक पुडीवर छापावा लागतो.

त्याच पुडीवर आणखी एक गोष्ट छापावी लागते, ती म्हणजे बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता. मला आज मुख्यतः यावरच बोलायचे आहे.

मसाल्याला नाव काय द्यायचे, यावर आपल्या घरांत रात्ररात्र चर्चा होते. कोणी म्हणते ‘अन्नपूर्णा’ ठेवा, कोणी म्हणते ‘कोकण’ ठेवा. आडनाव नको यावर मात्र पटकन एकमत होते. “लोक घेणार नाहीत.” गिरगावातल्या बेडेकरांनी १९१० साली दुकान घातले आणि त्यांचे आडनावच मसाल्याचे नाव झाले. आडनाव हे काहींना भांडवल म्हणून मिळते, आणि आपण ते बारीक अक्षरांत कोपऱ्यात छापतो.

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याहून परतले, तेव्हा त्यांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही गत. मग खाण्याच्या वस्तूचे काय! कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना मदत देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. तरी तेथे चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण कोणी कोणाच्या हातची चटणी विकत घ्यावी हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते गिऱ्हाइकाच्या मनावर असते.

महाराज आता येणार नाहीत. परंतु काही बदललेही आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर जे शिजत होते ते त्यांनी उघडपणे, पाककृतींसह लिहिले. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. जे खाणे सांगायची आपल्याला लाज वाटत होती, ते आज लोक विकत घेतलेल्या पुस्तकात वाचतात. आपल्यातल्या मराठवाड्याकडच्या घरांत येसूर होतो. आगरी-कोळी मसाला स्वतःच्या नावाने ठाणे-कल्याणच्या बाजारात विकला जातो, तर येसूर का नको?

माझे मत असे की नाव मोठ्या अक्षरांत घालावे. सहा डिसेंबरला, चौदा एप्रिलला आपल्याच माणसांत माल खपेल, पण वर्षाचे बाकीचे दिवस जांभळी नाक्याच्या गिऱ्हाइकालाही तो पटला पाहिजे. काही गिऱ्हाइके नाव वाचून पुडी खाली ठेवतील. ती गिऱ्हाइके आज नाही तर उद्या, पत्ता वाचून गेलीच असती. ज्यांना हे जमणार नाही त्यांना मी दोष देत नाही. पोट त्यांचे आहे, निर्णयही त्यांचा.

आता बँकेचे. कर्जाच्या योजना आहेत. मागासवर्गीयांसाठी महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, मुद्रा योजना २०१५ पासून. अटी बदलत असतात, त्या चौकशी करूनच घ्याव्यात. मला खिडकीवरून दिसते ते वेगळेच. अर्ज ताईंच्या नावाचा असतो, सही ताईंची असते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेजारी उभे असलेले दादा देतात. मिरचीचा भाव काय, हे दादांना ठाऊक नसते, ताई मात्र ओठ मिटून असतात. दादांनी रागावू नये, पण त्या दिवशी घरी थांबावे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले होते. एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगात, चौथा अडचणीसाठी शिल्लक. आपल्याकडे मसाल्याचा सगळा पैसा एकाच डब्यात पडतो आणि त्यातूनच गॅस, फी, लग्नाचा आहेर जातो. पुढच्या मार्चमध्ये मिरची घ्यायला डबा रिकामा. त्यासाठी वेगळे खाते उघडा. दुकानदाराला महिन्याच्या उधारीवर माल देऊ नका, निदान पहिले वर्ष तरी.

विद्यार्थी मित्रांनो, आईला वही तुम्ही घालून द्या. आजच्या कार्यक्रमानंतर मी अर्धा तास मागच्या खोलीत बसणार आहे. नोंदणीच्या आणि खात्याच्या अर्जाचे नमुने आणले आहेत. ज्या ताईंना हवे असतील त्यांनी यावे, आणि येताना स्वतः यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!