भोसेचा वड आणि खोडावरचा नंबर

मी शिरवळहून बोलतेय. मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जवळजवळ एकसारखाच फोटो पाठवला. रस्त्याकडेचं जुनं झाड, साल तासलेली, त्यावर रंगाने घातलेला नंबर. खाली प्रश्न : ताई, आता काय करायचं?

आधी माझं सांगते. आमची आजी म्हणायची, नीरेच्या पुलापासून खंबाटकीपर्यंत भर उन्हात डोक्यावर पदर न घेता चालता यायचं. आजीचं थोडं वाढवून सांगणं सोडा, पण सावली होती. मी शाळेत असताना रुंदीकरणात वड पडताना पाहिले. आम्ही पोरं पारंब्यांचे तुकडे खेळायला घरी घेऊन आलो. हे कुणी ठरवलं, असं कुणीच विचारलं नाही. मोठ्यांनीही नाही.

भोसेच्या लोकांनी विचारलं. भोसे मिरज तालुक्यात, मिरजेहून पंढरपूरकडे जाताना लागतं. तिथे यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ साधारण ४०० वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत तो नेमका मधे आला. साल २०२०, लॉकडाऊन. मोर्चा काढायची सोय नव्हती. तरी गावकरी आणि पर्यावरणवाले कार्यकर्ते झाडाभोवती उभे राहिले. फोटो आणि व्हिडिओ फिरले, ऑनलाइन सह्या गोळा झाल्या. तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि जुलैमध्ये आखणी बदलायचं ठरलं. महामार्ग वळला. एका वडासाठी!

आता खरं बोलू. प्रत्येक झाडासाठी मंत्री पत्र लिहिणार नाही. कायद्याचं बघाल, तर २०२१ मध्ये राज्याने वृक्षसंरक्षणाचा कायदा सुधारला. ५० वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' ठरलं, आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. पण हा कायदा शहरी भागाचा आहे. भोसेसारख्या गावातल्या वडाला त्याचा उपयोग नाही. मला हे फार खटकतं, कारण म्हातारी झाडं जास्त करून गावाकडेच, पारावर आणि देवराईत उरलीत.

म्हणून वेळ महत्त्वाची. खोडावर नंबर पडतो तेव्हा कागदावरचं बरंचसं उरकलेलं असतं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात, तेही त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यांना. म्हणजे ज्याच्या बांधावर झाड आहे त्या काकांना आधी गाठा. ते 'जाऊ दे गं, सरकारी काम आहे' म्हणतील. चहा घ्या आणि परत सांगा. माहितीच्या अधिकारात आखणीचा नकाशा आणि तोडायच्या झाडांची यादी मागा. ग्रामसभेत ठराव घ्या. पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत झाड लिहिलंय का, तेही बघा. बऱ्याच ठिकाणी ही वही कपाटात असते आणि किल्ली कुणाकडे, ते कुणालाच माहीत नसतं.

दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावाने तर आपली मायरिस्टिकाची दलदल देवराई म्हणून पिढ्यानपिढ्या राखली. पुढे राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. तिथे आधी गावाची राखण होती, सरकारी शिक्का मागून आला.

भोसेची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाला तो वड कोसळला. बातमी वाचली तेव्हा मी एसटीत होते. शेजारच्या मावशींनी विचारलं, कोण गेलं गं? काय सांगणार, झाड म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरचाही वड असाच गेला होता म्हणे.

मग ती धडपड फुकट गेली का? मला नाही वाटत. ती दोन वर्षं गावाने मिळवली होती. पण वाचवल्यावर मुळांजवळची माती, बाजूचं खोदकाम, कलत्या फांद्या यांच्याकडे कोण बघणार, हे आपण कुठेच ठरवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्यांनी फोटो पाठवलेत त्यांनी एवढं करा : छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून खोडाचा घेर मोजा, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा आणि झाड कुणाच्या गटात आहे ते तलाठ्याकडून काढा. तिन्ही गोष्टी मला पाठवा. आमच्या इथल्या एका वडाचा घेर मोजायला या रविवारी आम्ही चौघं जातोय. दोरी पुरेल की नाही, त्यावरून सध्या पैज लागलीय.