मागच्या सीटवरचं हेल्मेट

बाजाराला निघताना गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागे आपल्या डोक्यावर पदर. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मात्र मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं.

हेल्मेटमध्ये खरं काम करतो तो आतला थर्माकोल. डोकं आपटलं की तो दबतो आणि मेंदूकडे जाणारा धक्का बराचसा स्वतः खातो. पण एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातातलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसो, धाकट्या जावेला देऊ नका. टाकूनच द्या.

अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ही आपली अडचण खरीच. आम्ही वेणी मानेपासून खाली घालतो. घेताना आयएसआय खूण आणि आयएस 4151 हा आकडा बघा. रस्त्याकडेची हलकी टोपी ऊन अडवते, इतकंच!

दुकानातच हनुवटीखाली पट्टा लावा आणि हेल्मेट मागून पुढे ओढा. निघून आलं तर माप मोठं आहे, दुसरं मागा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.